विद्यात्रयी, पोपट आणि पूर्वपक्ष : एका ख्रिस्ती शालेय अभ्यासक्रमाचे परीक्षण

१

अभ्यासक्रम हाही एक प्रकारचा ग्रंथच होय. त्याला कर्ता असतो, रचना असते, आणि ज्याचा उच्चार होत नाही असा एक गर्भितार्थही असतो. काव्याचे परीक्षण करताना आपण शब्दांइतकेच मौनाकडे लक्ष देतो. अभ्यासक्रमाच्या बाबतीतही कोणता विषय कोणत्या वर्षी ठेविला, कोणता वगळला आणि कोणता केवळ नावाला राखिला हे पाहिल्यावाचून त्याचा खरा आशय हाती येत नाही. तथापि अभ्यासक्रमांची चर्चा आपल्याकडे बहुधा प्रशासनाच्या अंगाने होते. वाङ्मयीन परीक्षणाची शिस्त त्यांस क्वचितच लाविली जाते. प्रस्तुत लेखात तसा एक प्रयत्न करावयाचा आहे.

परीक्षणासाठी निवडलेला अभ्यासक्रम अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील आहे. किंडरगार्टन म्हणजे बालोद्यानापासून बारावी इयत्तेपर्यंतचे सर्व वर्ग एकाच छपराखाली चालविणाऱ्या, विद्यार्थिसंख्येने लहान अशा ज्या ख्रिस्ती शाळा तेथे आहेत, त्यांपैकी एक वर्ग स्वतःस ‘अभिजात ख्रिस्ती शाळा’ असे म्हणवितो. कॅन्सस संस्थानातील टोपीका येथे १९८० साली आणि आयडाहो संस्थानातील मॉस्को ह्या गावी १९८१ साली अशा शाळा निघाल्या. मॉस्को येथील ‘लोगोस’ शाळेच्या संस्थापकांपैकी डग्लस विल्सन ह्यांचे ह्या शिक्षणपद्धतीचा पुरस्कार करणारे पुस्तक १९९१ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर ह्या शाळांची संघटना झाली, आणि आज अशा शाळांची गणना शेकड्यांनी करावी लागते.

ह्या शाळा ज्या भूमीत उगवल्या तिचा इतिहास थोडा सांगावयास हवा. मुलाला सरकारी शाळेतच घातले पाहिजे अशी सक्ती राज्याला करता येणार नाही, हा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने ओरेगन संस्थानातील एका प्रकरणात १९२५ साली दिला. १९६२ आणि १९६३ साली त्याच न्यायालयाने सरकारी शाळांतील अधिकृत प्रार्थना व विधिपूर्वक बायबलवाचन घटनाबाह्य ठरविले. १९५४ साली वर्णविभक्त शाळा बेकायदा ठरल्यानंतर दक्षिणेकडील संस्थानांत निघालेल्या कित्येक खाजगी शाळांच्या मुळाशी धर्मापेक्षा वर्णद्वेषच अधिक होता, हेही विसरता येत नाही. अभिजात ख्रिस्ती शाळा ह्या सर्वांच्या मागाहून आल्या. त्यांनी आपला आधार न्यायालयीन वादात शोधला नाही. तो त्यांना एका व्याख्यानात सापडला, आणि येथेच वाङ्मयाच्या अभ्यासकाचे कुतूहल जागे होते.

२

ते व्याख्यान डोरोथी सेअर्स ह्यांचे. लॉर्ड पीटर विम्झी हा गुप्तहेर निर्माण करणाऱ्या कादंबरीकर्त्री म्हणून आणि दांतेच्या महाकाव्याच्या इंग्रजी अनुवादक म्हणून त्या आपल्याकडील इंग्रजी वाचकांना परिचित आहेत. १९४७ साली ऑक्सफर्ड येथे त्यांनी ‘द लॉस्ट टूल्स ऑफ लर्निंग’ म्हणजे ‘अध्ययनाची हरवलेली साधने’ ह्या विषयावर भाषण केले, व पुढील वर्षी ते पुस्तिकारूपाने निघाले. नुकतेच महायुद्ध संपले होते. इंग्लंडात शाळा सोडण्याचे किमान वय त्याच वर्षी १५ वर आणले गेले होते. मुले पूर्वीपेक्षा अधिक वर्षे शिकत होती, आणि तरीही जाहिरात व प्रचार ह्यांच्यापुढे सुशिक्षित माणूस पूर्वीपेक्षा अधिक निःशस्त्र झालेला दिसत होता. हे असे का व्हावे, हा सेअर्स ह्यांचा मूळ प्रश्न होता.

त्यांचे उत्तर असे की आपण विषय शिकवितो, शिकावे कसे हे शिकवीत नाही. पेटीवर एकच गत बोटांना पाठ करून द्यावी आणि सप्तकाची ओळख मात्र करून देऊ नये, म्हणजे दुसरी गत पुढे येताच विद्यार्थी जसा अडखळतो, तशी आजच्या शिक्षिताची अवस्था आहे. मध्ययुगीन युरोपातील शिक्षणक्रमाने प्रथम साधने हाती दिली. व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व ही ती तीन साधने, म्हणजे ‘ट्रिव्हियम’ किंवा विद्यात्रयी. अंकगणित, भूमिती, संगीत व ज्योतिष हे विद्याचतुष्टय त्यानंतरचे. आपल्याकडे व्याकरण, मीमांसा आणि न्याय ह्या तिन्ही शास्त्रांत पारंगत असलेल्या पंडितास ‘पदवाक्यप्रमाणज्ञ’ म्हणत. त्या उपाधीमागची दृष्टीही हीच होती. शब्द, वाक्य आणि प्रमाण ही ज्याला वश झाली त्याला कोणतेही शास्त्र परके नाही.

इथवर व्याख्यान इतिहासाचे आहे. पुढे मात्र सेअर्स ह्यांनी एक कल्पक उडी घेतली. ह्या तीन विद्या म्हणजे मुलाच्या वाढीच्या तीन अवस्था होत, असे त्यांनी सुचविले. सुमारे ९ ते ११ वर्षांचे मूल पोपटासारखे असते. त्याला पाठांतरात, यमकात, लांबलचक नावांत गोडी वाटते. १२ ते १४ ही आगाऊपणाची अवस्था. उलट उत्तर देणे आणि मोठ्यांना शब्दांत पकडणे हा तिचा आनंद. १४ ते १६ ही काव्यावस्था. मूल अंतर्मुख होते आणि स्वतःला व्यक्त करण्यासाठी धडपडते. पोपटास व्याकरण द्यावे, आगाऊ मुलास तर्क द्यावा, कविमनास वक्तृत्व द्यावे, अशी ही जुळणी आहे.

ही जुळणी वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. आपले बालमानसशास्त्र रूढ वा अद्ययावत नाही, आणि आपल्याला सर्वांत जवळून ठाऊक असलेले मूल म्हणजे आपण स्वतः, ह्या आठवणीवरच आपण विसंबून आहोत, हे लेखिकेने प्रांजळपणे सांगितले आहे. शिवाय आपली योजना प्रत्यक्षात येण्याचा संभव फारसा नाही, हेही तिने आरंभीच मान्य केले आहे. म्हणजे हा निबंध एका बुद्धिमान, खट्याळ आणि बालपणीच घरी लॅटिन शिकू लागलेल्या मुलीचे आत्मचरित्र आहे. त्याला शिक्षणयोजनेचा वेष मागाहून चढला. निबंध म्हणून तो लोभसवाणा आहे. प्रश्न असा, की निबंधातील रूपकावर तेरा वर्षांची शाळा उभी राहते तेव्हा काय होते?

३

दोषांकडे वळण्यापूर्वी गुणांची नोंद करणे न्यायाचे आहे, कारण ते लहान नाहीत.

ह्या शाळांत भाषेला जो मान आहे तो अन्यत्र दुर्मिळ होय. तिसऱ्या-चौथ्या इयत्तेपासून लॅटिन सुरू होते. आपल्याकडे एके काळी पाठशाळेतून शब्दरूपावलीचा जो घोष ऐकू येई, तसाच विभक्तींचा घोष तेथील वर्गांतून ऐकू येतो. मराठी भाषेत ‘पोपटपंची’ हा शब्द केवळ निंदेचाच उरला आहे. पण पाठ केलेले पाढे आणि श्लोक आयुष्यभर कसे सोबत करतात हे ज्याला अनुभवाने ठाऊक आहे, तो सेअर्स ह्यांच्या पोपटाची थट्टा करणार नाही. सातवी-आठवीत आकारिक तर्कशास्त्राचे स्वतंत्र पाठ असतात. अनुमानाची अंगे आणि हेत्वाभासांची नावे तेरा वर्षांचे मूल शिकते. वरच्या वर्गांत वेच्यांऐवजी सबंध ग्रंथ वाचले जातात : होमर, व्हर्जिल, ऑगस्टीन, दांते, शेक्सपीअर. शेवटच्या वर्षी विद्यार्थ्याने एक प्रबंध लिहून श्रोत्यांसमोर त्याचे समर्थन करावयाचे असते. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने उभे राहून प्रश्नांची उत्तरे द्यावी, ही अपेक्षाच मुलाविषयी आदर दाखविणारी आहे.

लहानपणाचाही लाभ होतो. शिक्षक प्रत्येक मुलास ओळखतो. पाचवीत काय पाठ झाले हे नववीच्या शिक्षकाला ठाऊक असते. विषयांच्या भिंती पातळ असतात. इतिहास, वाङ्मय आणि धर्मशास्त्र एकाच कालखंडाभोवती गुंफता येतात. अशाच लहान ख्रिस्ती शाळांसाठी टेक्सस संस्थानात १९७० साली निघालेल्या दुसऱ्या एका पद्धतीत मूल आडपडदे लावलेल्या मेजाशी एकटे बसून छापील पुस्तिका सोडवीत जाते, आणि अडचण आली म्हणजे लहानसे निशाण उभे करते. तिच्याशी तुलना केली तर अभिजात शाळेतील संवादाचे मोल विशेष जाणवते. ह्या दोहोंस ‘लहान ख्रिस्ती शाळेचा अभ्यासक्रम’ हे एकच नाव देऊन जे टीकाकार एकच दूषण देतात, त्यांनी दोन्ही पाहिलेल्या नाहीत असेच म्हणावे लागते.

४

आता रचनेचा विचार करू. पहिला दोष ताणाचा आहे. सेअर्स ह्यांची योजना ९ व्या वर्षी सुरू होते व १६ व्या वर्षी संपते. वाचन, लेखन आणि आकडेमोड येत असलेले मूल त्यांनी गृहीत धरले आहे. अमेरिकन शाळा मात्र पाचव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत चालते. सात वर्षांचे वस्त्र तेरा वर्षांच्या देहावर चढवावयाचे म्हणजे ते कोठे तरी ताणावेच लागणार. ते ताणले गेले पोपटाच्या बाजूने. सर्वसाधारण विभागणीत बालोद्यान ते सहावी हा ‘व्याकरणाचा’ टप्पा मानला जातो. ज्या अवस्थेला मूळ लेखिकेने दोन-तीन वर्षे दिली होती ती येथे सात वर्षांची झाली, आणि विचारण्याची अवस्था तितकी दूर गेली. पाच वर्षांचे मूल मात्र ‘का?’ हा प्रश्न दिवसातून शंभर वेळा विचारते, हे सांगावयास मानसशास्त्राची गरज नाही. घरात एक मूल असले म्हणजे पुरे.

त्यातून बालोद्यान ही संस्था तर सर्वस्वी निराळ्या कुळातील आहे. फ्रबेल ह्या जर्मन शिक्षकाने १८३७ साली लहान मुलांसाठी संस्था काढली व १८४० साली तिला किंडरगार्टन हे नाव दिले. खेळ हेच बालकाचे गंभीर कार्य, हा तिचा सिद्धान्त. १८५६ साली विस्कॉन्सिनमधील वॉटरटाउन येथे एका जर्मन स्त्रीने ती अमेरिकेत नेली, व १८६० साली बॉस्टन येथे एलिझाबेथ पीबडी ह्यांनी तिला इंग्रजी रूप दिले. बारा इयत्तांचा सांगाडाही मध्ययुगीन नाही. १८९२ साली नेमलेल्या, हार्वर्डच्या अध्यक्षांच्या नेतृत्वाखालील दहा जणांच्या समितीने आठ वर्षे प्राथमिक आणि चार वर्षे माध्यमिक ही विभागणी गृहीत धरली होती, व पुढे तीच रूढ झाली. म्हणजे आधुनिक शिक्षणाविरुद्ध उभा राहिलेला हा अभ्यासक्रम आपला पाया एका सुधारकाकडून आणि आपले खांब दुसऱ्या सुधारकांकडून उसने घेतो. उसनवारीत पाप नाही. पण ‘आम्ही जुनी वाट पुन्हा चालू लागलो’ असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा वाट किती जुनी आणि किती नवी हे सांगणे परीक्षकाचे कर्तव्य ठरते.

दुसरा दोष इतिहासाच्या वाचनाचा आहे. मध्ययुगात ह्या तीन विद्या तीन वयांना वाटून दिलेल्या नव्हत्या. पाचव्या शतकातील मार्टिआनुस कापेला ह्याच्या रूपकग्रंथात सात विद्या एका विवाहप्रसंगी दासी म्हणून येतात. त्या एकामागून एक बोलतात खऱ्या, परंतु त्या एकाच सभेत उभ्या असून एकाच वधूची सेवा करतात. सॉल्झबरीच्या जॉनने ११५९ साली पूर्ण केलेल्या ‘मेटालॉजिकॉन’ ह्या ग्रंथात शार्त्र येथील आचार्य बर्नार्डच्या अध्यापनाचे वर्णन आहे. त्याचे विद्यार्थी आदल्या दिवशीचा पाठ म्हणून दाखवीत, कवींचा अर्थ लावीत, आणि त्याच दिवशी स्वतः गद्य व पद्य रचीत. दुसऱ्याची पिसे लावून कोणी आला तर आचार्य त्याला सौम्यपणे सावध करी. पाठांतर, चिकित्सा आणि निर्मिती ह्या येथे एकाच दिवसाच्या तीन क्रिया आहेत. कवीचा अर्थ लावणे हे तर क्विंटिलियनच्या काळापासून व्याकरणशिक्षकाचेच काम मानले जाई. मध्ययुगीन ‘व्याकरण’ म्हणजे केवळ पाठांतर नव्हे. वाङ्मयाभ्यास हा त्याचा गाभा होता.

ही सुधारणा चळवळीच्या आतूनही सुचविली गेली आहे. लिटलजॉन व एव्हन्स ह्या दोन लेखकांनी २००६ साली, आणि क्लार्क व जैन ह्यांनी २०१३ साली, विद्या म्हणजे अवस्था नव्हेत असे आपापल्या पुस्तकांत प्रतिपादिले. स्वतःच्या पायाभूत ग्रंथाची अशी चिकित्सा करणारी चळवळ निर्जीव म्हणता येणार नाही. पण विभागणी एकदा शाळेच्या पाटीवर, वेळापत्रकावर आणि माहितीपत्रकावर चढली, म्हणजे ग्रंथातील दुरुस्ती वर्गात पोचावयास वेळ लागतो.

५

तथापि वरील दोन्ही दोष दुय्यम होत. टप्पे पुढेमागे सरकविता येतात. खरा प्रश्न मधल्या विद्येचा, म्हणजे तर्काचा आहे. साधन एकदा हाती दिले म्हणजे ते कशावर चालवावयाचे हे देणाऱ्याच्या अधीन राहत नाही. जी शाळा मुलास तर्क शिकविते तिला, तो तर्क मूल शाळेच्या सिद्धान्तावर चालविते तेव्हा काय करावयाचे, हे ठरवावेच लागते.

आपल्या न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्वनिर्णयासाठी होतो तो वाद. विजयासाठी होतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्षच न मांडता केवळ परपक्ष खोडणारी ती वितंडा. वादाची खूण म्हणजे पूर्वपक्षाची मांडणी. आपल्या उत्तम शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष इतक्या बळाने येतो की क्षणभर वाचकास तोच सिद्धान्त वाटावा. प्रतिपक्षाला दुबळा करून जिंकणे ह्यात शास्त्रकारांना गौरव वाटत नसे.

ही कसोटी आम्ही बाहेरून लादीत आहो असे कोणी म्हणू नये, कारण ज्या मध्ययुगाचा हा अभ्यासक्रम वारसा सांगतो त्या मध्ययुगाचीही कसोटी हीच होती. बाराव्या शतकात आबेलार ह्याने ‘सिक् एत नॉन’ ह्या ग्रंथात दीडशेहून अधिक प्रश्नांवर धर्माचार्यांची परस्परविरोधी वचने समोरासमोर मांडिली, आणि त्यांचा मेळ घालण्याचे काम वाचकावर सोडले. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस ह्याच्या महाग्रंथातील प्रत्येक प्रकरण आक्षेपांनीच उघडते. ईश्वर आहे काय, ह्या प्रश्नावरही आधी ‘नाही’ म्हणणारी कारणे येतात, आणि मग उत्तर. श्रद्धावान मनाला पूर्वपक्षाचे भय वाटलेच पाहिजे असे नाही, ह्याचा ह्याहून थोर पुरावा कोणता?

आता अभ्यासक्रमाकडे पाहावे. पुष्कळ शाळांच्या वाचनयाद्यांत मार्क्ससारखे प्रतिपक्षी लेखक असतात, ही गोष्ट अभिनंदनीय आहे. पण ते कसे वाचले जातात? ग्रंथ उघडण्यापूर्वीच त्यातील ‘जीवनदृष्टीची चूक’ कोणती हे जर विद्यार्थ्याला सांगितले गेले, आणि वाचन म्हणजे ती चूक शोधून दाखविण्याचा व्यायाम ठरला, तर तो वाद नव्हे; तो जल्प होय. हेत्वाभासांची नावे पाठ असलेले मूल असा जल्प मोठ्या चतुराईने करते. त्याला वाटते की आपण विचार करीत आहो. वस्तुतः पोपटच आता आगाऊपणाचे शब्द बोलू लागलेला असतो.

येथे शाळेचे लहानपण, जे आतापर्यंत गुण होते, तेच चिंतेचे कारण होते. मोठ्या सरकारी शाळेत पूर्वपक्ष वेळापत्रकात नसला तरी तो मधल्या सुट्टीत भेटतो. शेजारच्या बाकावर दुसऱ्या धर्माचे मूल असते, दुसऱ्या वर्गात दुसऱ्या मताचा शिक्षक असतो. लहान ख्रिस्ती शाळेत तेरा वर्षे बहुधा तीच कुटुंबे आणि तेच शिक्षक असतात, आणि रविवारी चर्चमध्येही पुष्कळदा तेच चेहरे दिसतात. तेथे प्रतिपक्ष बोलेल तर केवळ ग्रंथातून, आणि ग्रंथ बोलेल तर केवळ शिक्षकाच्या मुखाने. म्हणून शाळा जितकी लहान, तितकी पूर्वपक्षाची जबाबदारी अभ्यासक्रमावर अधिक. मोठ्या शाळेला जे फुकट मिळते ते लहान शाळेला यत्नपूर्वक वेळापत्रकात लिहावे लागते. ह्या परीक्षणाचा मुख्य मुद्दा हाच होय.

हा प्रश्न केवळ तत्त्वाचा नाही. त्याचा भार मुलांवर पडतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाने ख्रिस्ती शाळांचे काही अभ्यासक्रम प्रवेशासाठी अपुरे ठरविले, म्हणून २००५ साली ख्रिस्ती शाळांच्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेने न्यायालयात धाव घेतली. वादात जीवशास्त्र, इतिहास, शासनव्यवस्था व इंग्रजी वाङ्मय ह्या विषयांचे अभ्यासक्रम होते. २००८ साली निकाल विद्यापीठाच्या बाजूने लागला व २०१० साली अपिलातही तो कायम राहिला. ह्या शाळा अभिजात पंथाच्या होत्या असे नाही. आणि ख्रिस्ती दृष्टी आहे एवढ्यावरून विद्यापीठाने सर्वच अभ्यासक्रम नाकारले होते असेही नाही, अशा शाळांचे कितीतरी अभ्यासक्रम त्याने मान्य केले होते. विद्यापीठाचा आक्षेप, थोडक्यात, असा होता की ह्या विशिष्ट पाठांतून विषयाचे आवश्यक ज्ञान व चिकित्सेची सवय पुरेशी मिळत नाही. न्यायालयाच्या निर्णयाविषयी मतभेद असू शकतो. पण पूर्वपक्ष वगळल्याची किंमत ज्यांनी अभ्यासक्रम रचला त्यांना द्यावी लागत नाही. ती सतरा वर्षांच्या, अभ्यास चोख केलेल्या मुलीला विद्यापीठाच्या दाराशी द्यावी लागते. ह्या प्रकरणाचा बोध एवढाच घ्यावा.

आणि किंमत केवळ प्रवेशाचीच नसते. ज्या विद्यार्थ्याने प्रतिपक्ष नेहमी दुबळाच पाहिला, त्याला तो प्रथमच सबळ रूपात, एखाद्या सज्जन आणि विद्वान माणसाच्या मुखाने भेटतो, तेव्हा दोनच गोष्टी संभवतात. एक तर तो कान झाकून घेतो, किंवा आजवर शिकविणाऱ्यांनी आपल्याला फसविले असे मानून सर्वच टाकून देतो. दोन्ही परिणाम शाळेला नको असतात, आणि दोन्हींचे बीज शाळेनेच पेरलेले असते.

६

ह्यावर शाळेच्या बाजूने एक सबळ उत्तर आहे, आणि पूर्वपक्षाचा आग्रह धरणाऱ्या लेखात ते त्याच्या पूर्ण बळानिशी यावयास हवे. ते असे : कोवळ्या रोपाला कुंपण लागते. दहा वर्षांच्या मुलापुढे सर्व मते सारख्याच मापाने टाकणे म्हणजे त्याला मुक्त करणे नव्हे. ज्याचा आवाज मोठा त्याच्या हाती ते सोपविणे होय. बाजारपेठ, पडदा आणि हातातला दूरध्वनी ही काही तटस्थ नाहीत. सरकारी शाळेलाही तिची स्वतःची मौने आहेत. कोणते तरी घर असल्याखेरीज जगात हिंडण्याला अर्थ नाही, आणि आईबापांनी मुलाला आपले घर द्यावे ह्यात अन्याय तो कोणता?

हे उत्तर आम्हांस पुष्कळ अंशी मान्य आहे. न्यायसूत्रांतही जल्पाचे समर्थन नेमक्या ह्याच दृष्टान्ताने केले आहे. बीजाचा अंकुर जपण्यासाठी जसे काटेरी फांद्यांचे कुंपण घालतात, तसा तत्त्वनिश्चयाच्या रक्षणासाठी जल्पाचा उपयोग करावा, असे तेथे सांगितले आहे. परंतु दृष्टान्त नीट पाहावा. कुंपण अंकुरासाठी आहे. झाड छातीइतके उंच झाल्यावरही जो शेतकरी काटे काढीत नाही, तो झाडाचे रक्षण करीत नसून आपल्या भयाचे रक्षण करीत असतो. बालोद्यानात जे कुंपण वात्सल्याचे असते, तेच अकराव्या इयत्तेत अविश्वासाचे होते. तेव्हा शाळेने ‘कुंपण हवे की नको?’ एवढ्यावर थांबू नये. ‘ते कोणत्या इयत्तेत, कोणाच्या हाताने निघते?’ हे सांगावे. ज्या अभ्यासक्रमात ह्याचे उत्तर लिहिलेले नसते त्यात कुंपण कधीच निघत नाही.

सॉल्झबरीच्या जॉनने सांगितलेला एक प्रसंग येथे आठवतो. पॅरिस येथे तर्क शिकून तो अन्यत्र गेला आणि पुष्कळ वर्षांनी जुन्या सोबत्यांना भेटावयास परतला. पाहतो तो ते जेथे सोडले होते तेथेच होते. तेच प्रश्न, तीच उत्तरे, एका पावलाचीही प्रगती नाही. तर्क इतर विद्यांस फलद्रूप करतो, पण एकटा राहिला तर तो वांझ राहतो, असा निष्कर्ष त्याने काढला. जो तर्क परक्या भूमीत कधी उतरला नाही त्याचीही गत हीच होते.

उपाय परंपरेतच आहेत. सातवी-आठवीत हेत्वाभासांची उदाहरणे परक्यांच्या लेखनातून घेतली जातात तशीच काही स्वकीयांच्या प्रवचनांतून घ्यावी. नववी ते अकरावीत प्रत्येक प्रतिपक्षी ग्रंथाचा सारांश विद्यार्थ्याने असा लिहावा की त्या ग्रंथाच्या कर्त्याने ‘होय, मला हेच म्हणावयाचे होते’ असे म्हणावे. खंडनाचा अधिकार त्यानंतर. आणि बारावीच्या प्रबंधाच्या वेळी परीक्षकांत एक तरी असा बसवावा की जो त्या शाळेच्या श्रद्धेचा नाही पण सद्भावाने आला आहे. ह्यांपैकी कशासाठीही मोठी इमारत, मोठी रक्कम किंवा मोठी विद्यार्थिसंख्या लागत नाही. लहान शाळेला हे मोठ्या शाळेपेक्षा सुकर आहे.

शेवटी पुन्हा सेअर्स ह्यांच्याकडेच वळावे. इंग्लंडातील गुप्तहेरकथाकारांच्या ‘डिटेक्शन क्लब’च्या त्या आरंभापासूनच्या सदस्या होत्या, आणि १९४९ पासून १९५७ साली झालेल्या मृत्यूपर्यंत अध्यक्षा. रहस्याचा महत्त्वाचा धागा वाचकापासून लपविणार नाही, अशी शपथ त्या मंडळाच्या सदस्यांस घ्यावी लागे. लेखकाला अपराधी कोण हे पहिल्या पानापासून ठाऊक असते. वाचकाने त्याच निष्कर्षावर यावे हीच त्याची इच्छा असते. तरीही सर्व धागे त्याने उघड्यावर ठेवावयाचे असतात. श्रद्धावान शाळेची स्थिती ह्याहून वेगळी नाही. तिला आपला निष्कर्ष ठाऊक आहे आणि तो मुलांनी स्वीकारावा असे तिला मनापासून वाटते. त्याबद्दल तिला कोणी दोष देऊ नये. तिने धागे मात्र लपवू नयेत. सेअर्स ह्यांच्या व्याख्यानातून ह्या शाळांनी तीन साधने उचलली. त्यांच्या कादंबऱ्यांमागचा हा नियम उचलावयाचा राहून गेला. तो उचलला, तर बालोद्यानातल्या पोपटापासून बारावीच्या प्रबंधापर्यंतची ही तेरा वर्षांची वाट खरोखरच विद्येची वाट होईल.